हेळव्याच्या वहीत चौघा भावांपुढे एकच फुली: बंड की आणखी काही?

मलप्रभेकाठचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या वरच्या अंगाला. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. भावकी मोठी आहे, आणि त्यातले दोघे-तिघे इथेही असतात.

यंदा सुगी झाल्यावर हेळवी आला होता. ज्यांच्याकडे येत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, हेळवी म्हणजे आमच्याकडे वंशावळ सांगणारे. पूर्वी बैलावर बसून यायचे, याला मुलगा मोटरसायकलवरून घेऊन आला. वही कानडीत, सांगणं मराठीत. भात द्यायचं, वर जमतील तसे पैसे, आणि घरात नवं पोर झालं असेल तर त्याचं नाव चढवून घ्यायचं.

या वेळी मी पहिल्यांदा शेजारी बसून ऐकलं. पणजोबांच्या आधीच्या पिढीत चार भाऊ. चौघांच्या नावापुढे सारखीच फुली आणि एकच ओळ: ‘कालयुक्त संवत्सर, आश्विन’. शक लिहिलेला नाही, कारणही नाही. थोरल्याचा एक मुलगा, तेच माझे पणजोबा. बाकी तिघांच्या रेघा तिथेच संपतात.

घरात याच्या दोन गोष्टी चालत आल्यात. पुरुषांची गोष्ट अशी, की चौघे नरगुंदच्या बाबासाहेबांच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडात गेले आणि मारले गेले. बायकांची गोष्ट आत्या हळू आवाजात सांगते. धाकट्या सुनेनं जेवणातून काहीतरी घातलं, घर बसलं, तिला हाकलून दिली. दोन्हींना पुरावा एकच दिला जातो, तो म्हणजे आमच्यात दसऱ्याला सोनं देत-घेत नाहीत.

घाई अशी, की काकांनी वेशीजवळ चौघांच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलंय. वर ‘सन १८५८ च्या स्वातंत्र्यसमरातील हुतात्मे’. दगड येऊन पडलाय, मजकूर द्यायचाय. त्याआधी खात्री करायला कुणी मदत कराल का?

गणपत गल्ली
भारीच की! हुतात्म्यांचे वंशज आपल्या संस्थळावर आहेत म्हणायचे. दगड बसवायच्या दिवशी सांगा, येतो.

पंचांगवाचक
संवत्सरं साठ. शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. कालयुक्त ५२ वा. आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या गणनेनं तो शके १७८०, १८४० आणि १९०० ला येतो. इसवीत १८५८-५९, १९१८-१९, १९७८-७९. तिसरा सोडून देऊ, त्या वर्षी चार माणसं गेली असती तर तुमच्या वडिलांनीच सांगितलं असतं.

तेव्हा काकांचं १८५८ हवेतून आलेलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं. पण महिना जुळत नाही. नरगुंदचं सगळं उन्हाळ्याच्या अखेरीला घडलं. २९ मे १८५८ ला सुरेबानला इंग्रजांचा पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, पुढच्या काही दिवसांत किल्ला पडला, आणि १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. आश्विन येतो पावसाळा सरल्यावर. तोपर्यंत त्या बंडाचं काही उरलं नव्हतं.

तंबाखूची वखार
पंचांग राहू द्या बाजूला, आधी पिढ्या मोजा की. पणजोबा कधी गेले?

मलप्रभेकाठचा
१९८१ ला. आजोबांचा जन्म १९३९ चा.

तंबाखूची वखार
मग झालं. बाप १८५८ ला गेला असेल तर १९८१ ला पणजोबा किमान १२२ वर्षांचे. आणि ऐंशीच्या घरात असताना आजोबा झाले. तुमच्या विहिरीचं पाणी निपाणीला पाठवा जरा.

मलप्रभेकाठचा
हा हिशेब काकांपुढे ठेवला. ते म्हणतात, वही नवी उतरवताना हेळव्याकडून मधली एक पिढी गळली असेल.

मोडीवाला
हे अगदीच टाकाऊ नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे नक्कल करणाऱ्याची नजर एका नावावरून दुसऱ्या त्याच नावावर उडी मारते आणि मधलं माणूस जातं. मी पाहिलंय असं. म्हणून नुसत्या वहीवर विसंबू नका, सरकारी कागद काढा. जमीन सरकारजमा झाली होती का कधी? बंडवाल्याचं घर म्हटलं की जप्ती ठरलेली.

मलप्रभेकाठचा
नाही. जुना वाडा, परसू आणि नदीकडची शेती सलग आमच्याकडेच आहे.

शहापूरची सून
प्लेग असेल हो. माझ्या सासरी प्लेगात माणसं गेल्याचं अजून सांगतात. गाव सोडून रानात छपरं घालून राहिले होते म्हणे.

पंचांगवाचक
प्लेग मुंबईत आला १८९६ च्या सप्टेंबरात, तिथून आपल्याकडे पुढच्या वर्ष-दोन वर्षांत. शके १८१९ हेमलंबी, १८२० विलंबी. प्लेग नंतरही वरचेवर येत राहिला हे खरं, पण ‘कालयुक्त’ म्हटल्यावर त्या पहिल्या मोठ्या फेऱ्याशी जुळत नाही.

सुभेदारांचा नातू
१९१८ म्हणजे पहिलं महायुद्ध. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कूतच्या वेढ्यात १०३ आणि ११० मराठा अडकल्या होत्या. चौघे भाऊ पलटणीत असतील. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं.

मोडीवाला
कूत पडलं एप्रिल १९१६ ला. आणि चार सख्खे भाऊ, चारही पलटणीत, चारही एकाच महिन्यात? शोधायला हरकत नाही, पण मी आधी घराजवळ शोधेन.

कडुलिंब
निवृत्त डॉक्टर आहे, म्हणून बोलतो. १९१८ चा आश्विन म्हणजे मानमोडी, फ्लूची ती मोठी साथ. याच्यावर इतका वेळ कुणी बोट कसं ठेवलं नाही?

पहिली लाट जूनमध्ये मुंबई बंदरात दिसली, ती त्या मानानं सौम्य. दुसरी सप्टेंबरात आली आणि तिनं कापून काढलं. ६ ऑक्टोबरला एका दिवसात एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. तिथून रेल्वेनं ती इलाखाभर पसरली. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर मृत्यू झाले, देशात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत अंदाज सांगतात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. विसाव्या शतकात असं दुसरं दशक नाही. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि युद्धामुळे धान्याचे भाव चढले होते.

आता महत्त्वाचं. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतो. त्या साथीनं वीस ते चाळीस वयाची, धडधाकट माणसं नेली. आपल्या देशात बायका जास्त गेल्या, गरोदर बायकांचं तर विचारूच नका. घरातली कर्ती माणसं ओळीनं जातात, म्हातारी आणि लहान पोर उरतं, हे चित्र तिचंच. तुमच्या घरात कोण उरलं होतं?

मलप्रभेकाठचा
चौघांची आई. आणि पणजोबा, तीन-चार वर्षांचे.

(आणि आत्याच्या गोष्टीतली ती धाकटी सून.)

कडुलिंब
बघा.

गणपत गल्ली
हे सगळं ठीक आहे, पण मुळात आपली दप्तरं कानडी कचेऱ्यांत अडकून पडलीत हा खरा प्रश्न आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जो अन्याय झाला

संपादक
सीमाप्रश्नाचे दोन धागे चालू आहेत. प्रतिसादाचा उरलेला भाग तिकडे हलवला आहे. इथे विषयावर बोला.

मोडीवाला
विषयाला धरूनच सांगतो, कारण सरहद्दीवरच्या गावांना कागद शोधताना पहिला प्रश्न हाच पडतो, की १९१८ ला गाव कुणाच्या राज्यात होतं? बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. पण जिल्ह्याच्या नकाशात संस्थानांची ठिगळं होती. रायबाग कोल्हापूरकरांचं, बेळगावला चिकटलेलं शहापूर सांगलीकरांचं, रामदुर्ग तर स्वतंत्रच. गाव संस्थानी असेल तर शोध वेगळ्या वाटेनं जातो. खानापूर ब्रिटिश मुलूख, त्यामुळे तुमचं काम त्यातल्या त्यात सोपं.

गावच्या जन्म-मृत्यूची नोंद पाटील-कुलकर्णी ठेवायचे. त्या जुन्या वह्या तालुका कचेरीच्या दप्तरखान्यात असतात, निदान असायला हव्यात. अर्ज कानडीत करा, साल आणि गाव स्पष्ट लिहा, एका माणसाची नक्कल मागू नका. त्या महिन्याची सगळी पानं मागा. बहुतेक मोडीत असतील. कुणबी नोंदींचं काम निघाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना महाराष्ट्रात एकदम भाव आलाय, पण तुमच्यासाठी फुकट.

तिलारीपार
आमचा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, नंतर कोल्हापुरात आला. माणसं इकडे, जुने कागद तिकडे, असं आमच्याकडे घरोघर आहे. धागा वाचतोय.

शहापूरची सून
वाखुसा (वाचनखूण साठवली). वर्तमानपत्रात काही मिळेल का? तरुण भारत?

पंचांगवाचक
तो निघाला १९१९ ला. थोडक्यात हुकला. केसरी होता, पण खानापूरच्या एका वाडीतली चार माणसं पुण्याच्या छापखान्यापर्यंत कुठली पोचायला.

मलप्रभेकाठचा
मंडळी, मिळालं. उशीर झाला, कारण एका कचेरीत ‘त्या सालाच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या’ म्हणून परत पाठवलं. नंतर तिथल्याच शिपायाला दया आली आणि वही दुसऱ्या कपाटात निघाली. वाळवी लागलीय, पण कडेनं. पानांच्या नकला मोडीवाल्यांना पाठवल्या होत्या, त्यांनी लावून दिलेलं देतो:

११ ऑक्टोबर १९१८, मधला भाऊ, वय २८.
१३ ऑक्टोबर, त्याची बायको, २०.
१४ ऑक्टोबर, थोरला भाऊ, ३२.
१७ ऑक्टोबर, त्याची बायको, म्हणजे माझ्या पणजोबांची आई, २५.
१८ ऑक्टोबर, धाकटा, १९.
२२ ऑक्टोबर, तिसरा, २३. याचं लग्न झालं नव्हतं.

कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, ‘ताप’. मला वाटत होतं चार माणसं गेली. गेली होती सहा. हेळव्याच्या वहीत सुना नसतातच.

कडुलिंब
‘ताप’ बघून गोंधळू नका. कारण लिहिणारा कुलकर्णी, डॉक्टर नव्हे. पटकी आणि देवी लक्षणांवरून कुणालाही कळायच्या, त्या वेगळ्या लिहीत. उरलेलं सगळं तापात जमा. मानमोडीचे बहुतेक मृत्यू कागदावर तापाचेच आहेत.

थोरली गरोदर होती का, हे वहीत कळणार नाही. वय बघून शंका येते, एवढंच.

त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या मध्यावरच आला होता, म्हणजे तुमचा सोनं न लुटण्याचा रिवाज कशावरून पडला तेही दिसतं.

मोडीवाला
मला त्या सहा ओळींपेक्षा त्यांच्या वरखालच्या ओळी जास्त महत्त्वाच्या वाटल्या, म्हणून इथे लिहितो. जुलै आणि ऑगस्ट मिळून त्या गावाचं अर्धं पान भरत नाही. ऑक्टोबरला चार पानं. सुतार, महार, लिंगायत, मराठा, कुणाचं घर सुटलेलं नाही. एका ठिकाणी नावाऐवजी ‘मुलगी, नाव ठेवले नाही’. २० तारखेनंतर अक्षर बदलतं. आधीचा हात वळणदार आणि सवयीचा, पुढचा अडखळणारा, शाईचे डाग पाडणारा. का बदलला ते पान उलटल्यावर कळतं, कारण तिथे कुलकर्ण्यांच्याच घरातली नोंद आहे.

लोक आपल्या माणसाची ओळ सापडली की तेवढीच नक्कल घेतात आणि घरी जातात. या पानातली फक्त तुमची सहा नावं कापून समोर ठेवली, तर कुणालाही वाटेल या घरावर काहीतरी कोसळलं, शाप म्हणा, विष म्हणा. पूर्ण पान ठेवलं की ते घर गावात मिसळून जातं.

शहापूरची सून
म्हणजे त्या पोरीनं सगळ्या गावाच्या जेवणात विष घातलं होतं का? अकरा दिवस, रोज थोडं थोडं?

मला चीड आलीय, माफ करा. नवरा १९ वर्षांचा म्हणजे ती पंधरा-सोळाची असेल. घरात सहा माणसं आडवी, त्यांचं पाणी-पेज कुणी केलं असेल? जी उभी होती तिनंच ना?

कडुलिंब
आणि त्यातली थोडीफार माणसं निव्वळ पाणी-पेज वेळेवर न मिळाल्यानंही जात. अख्खं घर एकदम पडलं की चूल पेटवायला कुणी नसे.

तंबाखूची वखार
मधला आधी गेला. तो मुंबईला गिरणीत होता का काय? दसऱ्याला गावी आला असेल.

मलप्रभेकाठचा
माहीत नाही. ‘एक जण मुंबईला असायचा’ एवढं आत्या म्हणते, पण कोण ते तिला सांगता येत नाही.

आत्याला मी पानं वाचून दाखवली, दुसऱ्या घरांची नावंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तिला हाकलली कशाला?”

मोडीवाला
हक्कपत्रक काढा. चौघे खातेदार गेल्यावर वारसाचा फेरफार झालाच असणार.

मलप्रभेकाठचा
तोही मिळाला. १९१९ चा आहे. चारही मयत, वारस अज्ञान मुलगा, अ. पा. क. (अज्ञानाची पालनकर्ती) म्हणून आजी. तिचा अंगठा. धाकट्या सुनेचा उल्लेख नाही.

वकीलबाई
असणारही नाही. एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या हिश्शात हक्क आला १९३७ च्या कायद्यानं, आणि तोही तिच्या हयातीपुरता. १९१९ ला तिचा हक्क अन्नवस्त्राचा, म्हणजे पोटगीचा. जमिनीवर नाव लागलं नसतं, पण कुटुंबाच्या उत्पन्नातून तिला सांभाळावं लागलं असतं.

पुढचं माझं मत आहे, पुरावा नाही. चार मुलगे गेलेली म्हातारी, एक नातू, कसणारं कुणी नाही, धान्य महाग. तिथे सोळा वर्षांची सून म्हणजे एक खाणारं तोंड आणि उद्या पोटगी मागणारी. तिच्यावर आळ आला की दोन्ही प्रश्न सुटतात. म्हातारीनं हिशेब करून केलं असं मी म्हणत नाही. दुःखात माणसं कुणावर तरी खापर फोडतात. पण ते फुटलं ते सोयीच्या जागी.

गणपत गल्ली
आणि बंडाची गोष्ट कुणी काढली मग?

मलप्रभेकाठचा
माझा अंदाज आजोबांवर आहे. शाळामास्तर होते, बाबासाहेबांचा इतिहास मुलांना रंगवून सांगायचे. घरात विषाची कुजबुज, दारात पोरांचे प्रश्न, आणि हेळव्याच्या वहीत १८५८ ला बसणारं संवत्सर. त्यांनी बापाच्या डोक्यावरचा डाग पुसायला ती गोष्ट लावली असेल. मला त्यांचा राग येत नाही.

तंबाखूची वखार
दगडाचं काय ठरलं?

मलप्रभेकाठचा
काका आठवडाभर बोलत नव्हते. मग निरोप आला, की साल बदलू, पण ‘हुतात्मे’ राहू दे. त्यावरून घरात अजून चालू आहे. माझं म्हणणं इतकंच, की नावं सहा घाला, सुनांचीसुद्धा, आणि खाली ‘मानमोडीची साथ, आश्विन शके १८४०’. चुलतभावाचं म्हणणं, मग गावातल्या सगळ्यांचीच घाला. ते मला जास्त पटतंय, पण दगड तेवढा मोठा नाही आणि बाकीच्या घरांना विचारावं लागेल. विचारायला सुरुवात केलीय. दोन घरांना तर आपल्यातलं कुणी गेलं होतं हेच ठाऊक नव्हतं.

तिचं नाव मात्र कुठेच नाही. मृतांत नाही, वारसांत नाही, हेळव्याकडे नाही. ते शोधता येईल का?

मोडीवाला
पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचं जनरल रजिस्टर बघा, पालकाच्या रकान्यासाठी. आजी लवकर गेली असेल तर पुढचा पालक कोण, यावरून नात्यागोत्याचा धागा मिळतो. तिचं नाव थेट मिळणार नाही. ते तिच्या माहेरच्या बाजूनंच मिळेल.

वकीलबाई
माहेरी गेलीच असेल तर तिथे थांबली असेलच असं नाही. त्या वयाच्या विधवेचा पाट (दुसरं लग्न) लागायचा. म्हणजे ती तिसऱ्याच घराच्या वंशावळीत असेल, आणि तिथंही नावानं नाही, अमक्याची आई म्हणून.

तिलारीपार
माहेर कुठलं, याचं काही बोलणं आहे का घरात?

मलप्रभेकाठचा
आत्या म्हणते ‘चंदगडाकडची’. गावाचं नाव तिला आठवत नाही. पण त्या गावाशी आमची सोयरीक पुन्हा कधी झाली नाही, एवढं तिला पक्कं माहीत आहे.

तिलारीपार
मग तिथूनच सुरुवात करू. तुमची भावकी पूर्वी मुली कुठून आणायची आणि १९१८ नंतर कुठल्या गावातून आणायची थांबली, एवढी यादी हेळव्याच्या वहीवरून किंवा आत्याकडून काढा. चंदगडाकडची अशी गावं फार नसतील. आमच्या बाजूच्या मृत्यूनोंदी आणि जुने फेरफार बघायला मी जाऊ शकतो, १९५६ च्या आधीचं काही असेल तर तुम्हाला बेळगावात बघावं लागेल. आणि तुमच्या हेळव्याला विचारा, चंदगडाकडच्या मराठ्यांचा हेळवी कोण. ते एकमेकांना ओळखून असतात. आडनाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मलप्रभेकाठचा
केलाय.